पिवळे कार्ड : आनुवंशिकतेची ओळख करून घेताना

आलापल्लीच्या चौकातून एक रस्ता अहेरीला जातो, एक एटापल्लीला, एक भामरागडकडे आणि एक सिरोंच्याकडे. या रस्त्यांवरच्या गावांत रेशनकार्ड आणि आधारच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून, आणखी एक कार्ड अनेक घरांत जपून ठेवलेले असते. राज्याच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमातले हे कार्ड. पांढरे मिळाले तर रक्तात सिकलसेलचा दोष नाही. लाल मिळाले तर आजार आहे. पिवळे मिळाले तर माणूस वाहक आहे. कार्ड देताना आशाताई किंवा सिस्टर दोन वाक्यांत समजावून सांगतात, पुढच्या घरी जातात, आणि मग घरात प्रश्न सुरू होतो. "आमच्या पोरीले पिवळं कार्ड हाय, म्हणजे तिले अर्धी बिमारी हाय का?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. गेल्या शतकात मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नापाशी अडले होते आणि त्याचे नीट उत्तर मिळायला कित्येक वर्षे लागली. प्रभावी आणि अप्रभावी गुण म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आपल्याकडे यापेक्षा जवळचे उदाहरण नाही. शाळेत हा धडा वाटाण्यांवरून शिकवला जातो, परीक्षेत तीनास एक हे गुणोत्तर लिहून मार्क मिळतात, आणि तोच विद्यार्थी घरी जाऊन बहिणीचे पिवळे कार्ड लपवून ठेवायला आईला मदत करतो. धडा आणि कार्ड यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. ती घालावी म्हणून हे पुस्तक लिहिले आहे आणि म्हणून ही प्रस्तावनाही थोडी लांबली आहे.

सुरुवात वाटाण्यापासूनच करू, कारण वाटाण्यातही शाळेत न सांगितलेली एक गोष्ट आहे. ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्या पिढीत स्वपरागण होऊ दिल्यावर दुसऱ्या पिढीत ५४७४ दाणे गोल आणि १८५० दाणे सुरकुतलेले निघाले. जवळजवळ तीनास एक. हे त्यांनी १८६५ मध्ये व्याख्यानातून मांडले, १८६६ मध्ये छापले, आणि १९०० पर्यंत कोणी फारसे लक्ष दिले नाही. निष्कर्ष साधा आणि खोल होता: प्रत्येक गुणासाठी रोपाकडे दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही वेगळे असतील तर एकाचा परिणाम दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही. न दिसणारा घटक मात्र मरत नाही की विरघळत नाही. तो तसाच पुढे जातो आणि नातवंडांत पुन्हा दिसू शकतो. दिसणाऱ्याला प्रभावी म्हटले गेले, लपणाऱ्याला अप्रभावी.

इथपर्यंत सगळे शिकवतात. पुढची गोष्ट १९०८ ची आहे. डार्बिशर नावाच्या इंग्रज अभ्यासकाने संकरित गोल दाणा फोडून त्यातले पिष्टाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाणा बाहेरून अगदी शुद्ध गोल वाणाच्या दाण्यासारखाच होता. आतले कण मात्र गोल वाणासारखे नव्हते आणि सुरकुतलेल्या वाणासारखेही नव्हते; ते मधल्या स्वरूपाचे होते. म्हणजे हाताने चाचपून पाहिले तर गोलपणा पूर्ण प्रभावी, आणि भिंगातून पाहिले तर दोघांचे मिश्रण. दाणा तोच, घटक तेच. बदलली फक्त पाहण्याची जागा. पुढे १९९० मध्ये या जनुकाचा थेट अभ्यास झाला तेव्हा कळले की सुरकुतलेल्या वाटाण्यात पिष्टाला फांद्या फोडणारे एक विकर नीट तयारच होत नाही. जनुकाच्या मध्येच डीएनएचा एक परका तुकडा घुसून बसलेला असतो. एक प्रत जरी धड असली तरी दाणा गोल होण्यापुरते काम भागते. प्रभावीपणा एवढाच: एका प्रतीत काम भागले. कुणी कुणाला दाबले नाही, कुणी कुणावर मात केली नाही.

आता रक्ताकडे येऊ. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारच्या साखळ्या असतात. त्यांतल्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. या साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. हे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले. जनुकाच्या पातळीवर ही एका अक्षराची चूक आहे. पण त्या एका जागेमुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ धागे बनतात आणि ते धागे पेशीला आतून ढकलून वाकडे करतात. वाकडी, ताठ पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. मागे रांग लागते, पुढचा भाग उपाशी राहतो आणि माणूस हाडे फुटल्यासारखा कळवळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. त्यातून कायमचा पंडुरोग, डोळ्यांत पिवळेपणा, लहान मुलांत पानथरी वाढणे, वारंवार जंतुसंसर्ग. लाल कार्डाच्या घरात हे सगळे शब्द पाठ असतात.

या आजाराची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केली. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेला एक तरुण. सात वर्षांनी व्हिक्टर एमेल यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी रुग्ण स्त्रीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन हवाबंद केला आणि थोड्या वेळाने पाहिला. पेशी विळ्यासारख्या झाल्या होत्या. मग तिच्या वडिलांच्या रक्ताचा थेंब तसाच ठेवला. वडिलांना काहीही त्रास नव्हता, तरी त्यांच्याही पेशी वाकड्या झाल्या.

हा प्रयोग आजही करता येतो, आणि ज्याला जमेल त्याने एकदा तरी तो बघावाच. काचपट्टीवर रक्ताचा छोटा थेंब, त्यावर सोडियम मेटाबायसल्फाइटच्या ताज्या द्रावणाचा थेंब, वर पातळ काच, कडा बंद. हे रसायन प्राणवायू शोषून घेते. सुरुवातीला भिंगाखाली नेहमीच्या गोल चकत्या दिसतात. मग एखादीच्या कडेला टोक फुटते, शेजारची लांबट होते, आणि थोड्या वेळात सबंध शेत ओंब्या कापायच्या विळ्यांनी भरून जाते. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस आजारीच असणार. पण काचेवरचे रक्त पिवळ्या कार्डाच्या माणसाचेही असू शकते. तो माणूस त्या क्षणी बाहेर उन्हात बैलजोडी हाकत असेल.

नेमक्या इथेच १९२३ मध्ये टालियाफेरो आणि हक या दोघांची गल्लत झाली. त्यांनी कुटुंबांच्या वंशावळी तपासल्या, हवाबंद थेंबाची परीक्षा वापरली आणि निष्कर्ष काढला की सिकलसेल हा एकाच प्रभावी घटकाने येणारा गुण आहे. परीक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण एक प्रत असली तरी थेंबातल्या पेशी वाकड्या होतात. पण वाकडी होऊ शकणारी पेशी आणि आजारी माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४९ मध्ये जेम्स नील यांनी रुग्णांच्या आईबापांचे रक्त तपासून हे उलगडले: रुग्णाचे दोन्ही पालक वाहक असतात. रुग्णाकडे दोषी जनुकाच्या दोन प्रती असतात, वाहकाकडे एक. आजाराच्या दृष्टीने हा गुण अप्रभावी ठरला. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतप्रवाहात, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसने, हिमोग्लोबिन वेगळे करून दाखवले. रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकते, निरोगी माणसाचे वेगळ्या, आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिळतात. म्हणजे रेणूच्या पातळीवर दोन्ही प्रती आपापले काम उघडपणे करत असतात. त्याला सहप्रभाविता म्हणतात.

माझ्या मते हा सगळ्या आनुवंशिकशास्त्राच्या आरंभीचा सर्वांत मोलाचा धडा आहे. भिंगाखाली तेच जनुक प्रभावी, दवाखान्याच्या खाटेवर अप्रभावी, इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर सहप्रभावी. तेव्हा एखादे जनुक प्रभावी आहे का, असा प्रश्न अर्धवटच असतो. कशाच्या संदर्भात, जोडीला कोणती प्रत असताना, कोणत्या ठिकाणी पाहिले असता, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आपल्याकडे तपासणीची दोन टप्प्यांची पद्धत आहे, तिच्यातही हाच धडा दिसतो. पहिली सोल्युबिलिटी टेस्ट. बोटाच्या टोकाचे थोडे रक्त रसायनात टाकतात. सिकलसेलचे हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. वाहकाची नळी गढूळ होते, रुग्णाचीही होते. इतके कळून पुरत नाही. म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. तिथे वाहकाच्या रक्तात दोन पट्टे येतात, आणि नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा जास्त जाड असतो. सिकलसेलचे प्रमाण साधारण ३५ ते ४० टक्के. रुग्णाच्या रक्तात नेहमीचा पट्टाच नसतो. विदर्भात लोक वाहकाच्या निकालाला "एएस पॅटर्न" आणि रुग्णाच्या निकालाला "एसएस पॅटर्न" म्हणतात, आणि हे शब्द आता गावोगाव रुळले आहेत. पहिल्या नळीवरच थांबून एखाद्या मुलीला आजारी ठरवणे हा तिच्यावरचा अन्याय आहे. दुसरी तपासणी व्हायला महिने लागले तर तो अन्याय तितके महिने चालू राहतो.

वाहकाला त्रास का होत नाही, याचे कारणही कळले पाहिजे. त्याच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही हिमोग्लोबिन मिसळलेले असते. चांगल्या रेणूंमुळे धागे बनायला इतका उशीर लागतो की तोवर पेशी फुप्फुसात परतून पुन्हा प्राणवायू घेते. वाकडे होण्याआधीच ती वाचते. अपवाद थोडे आहेत. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त, त्यामुळे तिथे वाहकाच्याही काही पेशी वाकतात आणि कधीतरी लघवीतून रक्त जाते. फार उंच पर्वतांवर पानथरीला इजा होऊ शकते. पण शेती, मजुरी, तेंदूपत्ता, बाळंतपण या सगळ्यात पिवळ्या कार्डाचा माणूस इतरांइतकाच धडधाकट असतो. तेव्हा पोरीच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, तिला अर्धा आजार नाही. तिला आजारच नाही. तिच्याकडे एक निरोप आहे, तो पुढच्या पिढीला जाऊ शकतो.

आणि तो निरोप नेहमी वाईटच असतो असेही नाही. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की वाहकांना फाल्सिपेरम मलेरियाचा जबर आघात फार कमी होतो. नंतरच्या अभ्यासांनी ते पक्के केले. दोन प्रती असल्या तर मूल आजारी, एकही नसली तर मेंदूच्या मलेरियाने दगावण्याची भीती जास्त, आणि एक असली तर दोन्ही संकटांतून सुटका. मलेरियापासून मिळणारे हे संरक्षण एकाच प्रतीने मिळते, म्हणून त्या अर्थाने तेच जनुक प्रभावी म्हणावे लागते. गडचिरोली जिल्हा महाराष्ट्रातला मलेरियाचा मोठा पट्टा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये आलापल्लीच्या पुढे हेमलकसाला आले तेव्हा तापाने मरणारी माणसे हेच तिथले रोजचे वास्तव होते. ज्या जंगलात पिढ्यानपिढ्या डासांनी पोरे नेली, त्या जंगलात हे जनुक टिकून राहिले, वाढले. आज ज्यामुळे घरात लाल कार्ड येते, त्यानेच कधीकाळी कुणाच्या पणजोबाला तापातून वाचवले असेल. आदिवासींच्या रक्तात खोट आहे असे म्हणणाऱ्यांना हे ठामपणे सांगितले पाहिजे. ही खोट नाही. मलेरियाशी झालेल्या दीर्घ लढ्याची ती किंमत आहे, आणि ती आफ्रिकेपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत, अरबस्तानात आणि मध्य भारतात अनेक समाजांनी मोजली आहे.

हा केवळ आदिवासींचा आजार आहे, ही समजूतही सोडावी. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची: लेमान आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत केलेली. त्याच वर्षी आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांतही तो आढळला. मध्य भारतात १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी तो नोंदवला. विदर्भात माडिया, गोंड, परधान यांच्याप्रमाणेच अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही तो आहे. जनुकाला जातीचा दाखला वाचता येत नाही.

आता आणखी एक गैरसमज, जो सुशिक्षितांतही घट्ट बसलेला असतो. प्रभावी गुण म्हणजे ज्याची माणसे जास्त तो, आणि काळाच्या ओघात तो सगळीकडे पसरणार. १९०५ मध्ये फॅराबी यांनी बोटे आखूड असण्याचा गुण एका कुटुंबात प्रभावी रीतीने उतरतो हे दाखवले. माणसातला हा पहिला सिद्ध झालेला मेंडेलीय प्रभावी गुण. त्यावर शंका निघाली की मग पुढे सगळ्यांची बोटे आखूड का होत नाहीत? केंब्रिजच्या पनेट यांनी हा प्रश्न आपल्या गणितज्ञ मित्राला, जी. एच. हार्डी यांना विचारला. रामानुजनला इंग्लंडला बोलावणारे तेच हार्डी. त्यांनी १९०८ मध्ये एका छोट्या पत्रात साध्या बीजगणिताने दाखवून दिले की लग्ने सरमिसळ होत असतील आणि निवडीचा दाब नसेल, तर प्रभावी असो वा अप्रभावी, जनुकाचे प्रमाण पिढ्यानपिढ्या तसेच राहते. सहा बोटे अनेकदा प्रभावी पद्धतीने येतात, तरी सहा बोटांची माणसे विरळच. ओ रक्तगट अप्रभावी, तरी कितीतरी समाजांत तोच सगळ्यात जास्त.

रक्तगटाचा विषय निघालाच आहे तर मुंबईचे नाव घ्यायलाच हवे. ए आणि बी ही जनुके ओ पुढे प्रभावी, आणि एकमेकांसमोर सहप्रभावी, म्हणून एबी गट होतो. पण १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत अशी माणसे सापडली की त्यांचे रक्त ओ सारखे वाटे, तरी ओ रक्तही त्यांना चालत नसे. त्यांच्यात दुसऱ्याच एका जनुकाच्या दोन्ही प्रती अप्रभावी होत्या. त्यामुळे ए-बीचा खांबच उभा राहत नव्हता, मग त्यावर ए किंवा बीची पाटी लागणार कुठून? जगभर हा गट बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. ए आणि बी कितीही प्रभावी असोत, पायाचे जनुक नसेल तर त्यांचा प्रभाव दिसत नाही.

पुन्हा आलापल्लीकडे. दोन पिवळ्या कार्डांचे लग्न झाले तर काय होते? प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची, चारात दोन एएसची, चारात एक दोष नसलेल्या मुलाची. इथे एक घातक चूक होते. पहिले मूल एसएस निघाले की घरचे म्हणतात, आता पुढची तीन सुखरूप. तसे नाही. नाणे उडवताना आधी काय पडले ते नाण्याला आठवत नाही, तसेच इथे. प्रत्येक गर्भाला पुन्हा तीच चारात एक शक्यता. चारही मुले निरोगी निघालेली घरे आहेत आणि दोन मुले लाल कार्डाची असलेलीही आहेत.

दुसरी चूक त्याहून क्रूर आहे. एसएस मूल जन्मले की दोष आईला दिला जातो. शास्त्र इथे निःसंदिग्ध आहे: एसएस मुलाला एक प्रत आईकडून आणि एक प्रत बापाकडून आलेली असते. बापाचे योगदान तितकेच. ज्या घरात सुनेला यासाठी बोलणी खावी लागतात, त्या घरातल्या कर्त्या माणसांनी या पुस्तकाचे तिसरे प्रकरण मोठ्याने वाचावे, अशी माझी विनंती आहे.

आकडा थोडा हाताळून पाहू. समजा एखाद्या गावात दर पाच माणसांत एक वाहक आहे आणि लग्ने कार्ड न बघता होतात. मग पंचवीस जोडप्यांत साधारण एका जोडप्यात दोघेही वाहक असतील, आणि त्यांच्या मुलांत चारात एक एसएस. म्हणजे शंभर जन्मांमागे साधारण एक. एक टक्का हा आकडा कागदावर लहान दिसतो. उपकेंद्राच्या दारात दर महिन्याला त्याच मुलाला खांद्यावर घेऊन येणाऱ्या बापाला तो लहान वाटत नाही.

नात्यात लग्न झाले की हे गणित बदलते. गोंड आणि माडिया समाजांत कुळे देवांच्या संख्येवरून ठरतात: चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. एकाच देवसंख्येत लग्न होत नाही. हा नियम कडक पाळला जातो आणि त्यामागे जवळच्या रक्तात लग्न टाळण्याची मोठी समज आहे. पण कूळ बापाकडून मोजले जाते, म्हणून मामाची मुलगी किंवा आत्याची मुलगी वेगळ्या देवांची असते आणि ती चालते, कित्येकदा पसंतच केली जाते. मराठी समाजातही मामाची मुलगी करण्याची रीत आहेच. जनुक मात्र आईकडूनही येते आणि बापाकडूनही, त्यामुळे देव वेगळे असले तरी आजी एकच असू शकते. मामेभावंडाकडे आपल्यासारखीच तीच प्रत असण्याची शक्यता केवळ नात्यामुळे आठात एक भरते, आणि गावातले एकूण प्रमाण त्यात मिसळते. रीत मोडा असे कोणी सांगू नये. देव बघताना कार्डही बघा, इतके सांगावे. वडीलधाऱ्यांना हे पटते, कारण कोणाशी जुळते आणि कोणाशी जुळत नाही हे बघण्याची सवय त्यांना मुळातच आहे.

कार्ड जुळवणे म्हणजे पिवळ्याने लग्नच करू नये असे नाही. पिवळे आणि पांढरे यांच्या लग्नात एकही एसएस मूल होत नाही. दोन पिवळ्यांचे लग्न ठरलेच किंवा झालेच असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा. या गोष्टी मुलीला, आणि मुलालाही, लग्नाच्या बोलणीआधी माहीत असल्या पाहिजेत.

सगळे एसएस सारखे आजारी नसतात, हे लाल कार्डाच्या घरांना अनुभवाने ठाऊक असते. एकाच आईबापांची दोन मुले: एक दर पावसाळ्यात दवाखान्यात, दुसरे क्वचितच. गर्भात आपले हिमोग्लोबिन वेगळे असते आणि त्यात सिकलसेलचा दोष नसतो. जन्मानंतर ते कमी होत जाते, म्हणून एसएस बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. काहींच्या रक्तात ते मोठेपणीही बऱ्यापैकी शिल्लक राहते आणि त्यांना आजार सौम्य जातो. भारतात सिकलसेलचे जनुक बहुतेक ठिकाणी ज्या डीएनए-पार्श्वभूमीवर आढळते, तिच्यासोबत हे गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असते. अल्फा थॅलेसेमियाचे जनुकही सोबत असेल तर आजाराचे स्वरूप आणखी बदलते. सौम्य म्हणजे नेहमीच सौम्य नव्हे. विदर्भात जबर आजारी मुलेही पुष्कळ आहेत. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी हेच गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचारही सिकलसेलची चूक दुरुस्त करत नाही. तो लहानपणी झोपी गेलेले हिमोग्लोबिन पुन्हा जागे करतो. त्याचा खर्च कोटींच्या घरात आहे. आलापल्लीला आज हवी आहे ती गोळी, नियमित, आणि ती घेणाऱ्याची रक्ततपासणी.

एक जनुक, दोन प्रती, तीन शक्यता: सिकलसेल इतका सोपा गुण विरळाच. शाळेत जीभ वळवता येणे किंवा कानाची पाळी चिकटलेली असणे हे गुण प्रभावी-अप्रभावी म्हणून मुलांना मोजायला लावतात, आणि एखाद्या मुलाला वाटते की आपले आईबाप आपले नाहीत की काय. जीभ वळवण्याचा गुण १९४० मध्ये ॲल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी प्रभावी म्हणून मांडला, पण जुळ्यांच्या अभ्यासात एक जुळा जीभ वळवतो आणि त्याचा हुबेहूब भाऊ वळवू शकत नाही असे दिसले, आणि पुढे स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच तो दावा सोडला. वर्गात हा खेळ थांबवावा. आलापल्लीच्या सागवानाचेही तसेच. २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरलेल्या इथल्या वनवैभवात मान वर करून उंच झाडे पाहताना मेंडेलचा उंच आणि ठेंगणा वाटाणा आठवतो. वाटाण्यात ते एका जनुकाचे काम होते. सागाची उंची कितीतरी जनुके, माती, पाऊस, उजेड आणि शेजारचे झाड मिळून ठरवतात. माणसाची उंचीही तशीच, रंगही तसाच, बुद्धीही तशीच. या गुणांबद्दल कोणी "प्रभावी जनुक" असा शब्द वापरला की थांबून विचारावे: कोणते?

माहिती असणे आणि ती माणसाच्या कामी येणे यांत या जिल्ह्यात बरेच अंतर पडले आहे. १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी सुरुवातीलाच इथे सिकलसेलची पाहणी केली. आजार सापडला, पण लोकांनी तो आपला प्रश्न मानला नाही, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. त्या काळात ज्याला उपाय नाही असे नाव कळून कुणाचे काय भागणार होते? आता परिस्थिती वेगळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीचे आकडे भराभर वाढतात. पण कार्ड हातात देताना समजावून सांगायला लागणारी वीस मिनिटे कोणत्याही तक्त्यात मोजली जात नाहीत, आणि त्या वीस मिनिटांवाचून पिवळे कार्ड मुलीच्या लग्नाआड येणारा कागद होऊन बसते.

पुस्तक कसे वाचावे याविषयी शेवटी थोडे. पहिली दोन प्रकरणे वाटाण्यांची आणि गुणसूत्रांची आहेत. घाई असेल तर ती वरवर चाळून तिसऱ्यावर यावे, त्यात कुटुंबाची वंशावळ कागदावर कशी मांडायची ते आहे. चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा, पूर्ण भरलेला रुग्णाचा, अर्धा भरलेला वाहकाचा. आपल्या घराची तीन पिढ्यांची वंशावळ आधी पेन्सिलीने काढावी, कारण आजीशी बोलल्यावर त्यात बदल होतात: लहानपणी पंडुरोगाने गेलेले एखादे मूल तिलाच आठवत असते. शिक्षकांनी वर्गात कुणाचेही कार्ड उघड विचारू नये, त्यासाठी काल्पनिक कुटुंबांची उदाहरणे पाचव्या प्रकरणात दिली आहेत. ज्यांची तपासणी अजून झालेली नाही त्यांनी ती जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. ती मोफत आहे. आणि पहिल्या नळीचा निकाल गढूळ आला, तर दुसऱ्या तपासणीचा कागद हातात येईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नये.